‘आपला नांगर नव्हे’ : एका शब्दवहीची हकीकत

समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात स्वतःच्या बालपणीच्या वाचनाविषयी लिहिताना संकोच वाटतो. आठवणीला पुराव्याचे मोल नसते, आणि वय वाढत जाते तसतशा आठवणी सोयीस्करही होत जातात. तरीही हे टिपण लिहिण्याचे धाडस करीत आहे, कारण या बाबतीत माझ्याजवळ आठवणीखेरीज एक लेखी साधनही आहे. चाळीस पानांची एक वही. तिच्यावर ‘इयत्ता पाचवी, सन १९९०’ असे लिहिलेले असून आत शंभरावर शब्द आणि त्यांचे अर्थ आहेत. ते सर्व शब्द एकाच पुस्तकातून उतरवलेले आहेत, आणि ते पुस्तक म्हणजे निर्जन बेटावर अठ्ठावीस वर्षे काढणाऱ्या रॉबिन्सन क्रूसोची, मुलांसाठी संक्षिप्त केलेली गोष्ट होय.

डॅनियल डिफोने १७१९ साली ही कादंबरी लिहिली ती मुलांसाठी नव्हे. तिला मुलांच्या हाती देण्याची शिफारस केली ती रूसोने. ‘एमिल’मध्ये (१७६२) पुस्तकांविषयी पुष्कळ कठोर बोलून झाल्यावर त्याने या एका पुस्तकाचा अपवाद केला आहे. मुलाच्या डोक्यात शब्द भरू नयेत, वस्तू आधी आणि शब्द मागाहून यावेत, ही त्याची भूमिका. आणि एकट्या पडलेल्या माणसाला प्रत्येक वस्तूचे मोल तिच्या उपयोगावरूनच ठरवावे लागते, म्हणून हे पुस्तक त्याला योग्य वाटले. माझ्या बाबतीत नेमके उलट घडले. वस्तू आल्याच नाहीत, शब्द तेवढे आले. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, गोदावरीपासूनही दूर असलेल्या आमच्या खेड्यात पावसाळ्याचे चार महिने वाहणारा एक नाला होता. मोठे पाणी म्हणून मी पाहिलेले एकच, पैठणच्या नाथषष्ठीला गेले असता दिसलेला जायकवाडीचा जलाशय. त्याला नाथसागर म्हणतात, म्हणून सागर तो तेवढाच अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. खरा समुद्र मी वयाच्या तेविसाव्या वर्षी, मुंबईला एका मुलाखतीसाठी गेले तेव्हा पाहिला.

पुस्तक शाळेतले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेतून आलेल्या लोखंडी पेटीत जी थोडी पुस्तके होती त्यांपैकी ते एक. माझ्या हाती आले तेव्हा त्याचे मुखपृष्ठ गेलेले होते, आरंभीची चार पाने गेलेली होती, आणि शेवटचीही बरीच पाने नव्हती. गुरुजींनी दर शनिवारी एक पुस्तक घरी न्यायची मुभा दिली होती. मी हे एकच पुस्तक पुन्हा पुन्हा नेत राहिले, याचे कारण वाङ्मयीन अभिरुची नव्हे. ते पेटीतले सर्वांत जाड पुस्तक होते.

घरी ऐकणारे दोघे. वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. थोडे धान्य, थोडी रक्कम, आणि त्या रकमेतली उचल बहुधा आधीच घेतलेली. माय रोजाने खुरपायला आणि कापसाच्या वेचणीला जात असे. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. (येथे ‘माय’ हाच शब्द वापरते आहे. माझ्या प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत मी तो बदलून ‘आई’ असा केला होता, आणि छापून आल्यावर ते अर्पण दुसऱ्याच कोणाला तरी केल्यासारखे वाटले.) रात्री चिमणीच्या उजेडात मी मोठ्याने वाचत असे, आणि ती दोघे आपापली कामे करीत ऐकत.

वादळापूर्वीच्या एका प्रसंगी जहाज किनाऱ्याजवळ येऊन नांगर टाकते, असे वाक्य होते. माय थांबली. “नांगर पाण्यात कामून टाकला?” वडील दोर वळीत होते. त्यांनी वर न बघता सांगितले, “बैल मेले असतील.”

आज वर्गात हा प्रसंग सांगितला तर विद्यार्थी हसतात. त्या रात्री कोणी हसले नाही. बैल गेल्यावर नांगराचा काय उपयोग, हे आमच्या घरी समजावून सांगावे लागत नव्हते. मग पुढचे वादळ, जहाजाचे फुटणे, सोबत्यांचे बुडून मरणे हे सारे त्या नांगर टाकण्याच्या ओघातच आले. ज्यांचे बैल मेले आणि ज्यांनी नांगर पाण्यात लोटला, अशा माणसांचे पुढे असेच व्हायचे. कथेची संगती कुठेही बिघडली नाही. चुकीचा अर्थ घेऊनही संहिता इतकी भक्कम उभी राहते, हा वाचनव्यवहाराविषयीचा माझा पहिला धडा होय, आणि पुढे वुल्फगांग आयझर वाचताना, संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरून काढतो या त्याच्या प्रतिपादनाशी आल्यावर मला वडिलांचे बैल आठवले. आयझरच्या विवेचनात त्या जागा संहितेने मुद्दाम सोडलेल्या असतात. आमच्या वाचनात ज्या जागा रिकाम्या होत्या त्या संहितेच्या दृष्टीने भरलेल्याच होत्या. त्या रिकाम्या झाल्या त्या अंबड तालुक्यात येऊन.

‘बेट’ या शब्दाची कथा याहून मजेदार. आमच्या नाल्याच्या वळणावर बांबूचे बेट होते. तिथे साप असतात म्हणून मुलांनी जायचे नाही, अशी ताकीद असे. तेव्हा कोणीही जात नाही असे ‘निर्जन बेट’ मला समजावून घ्यावेच लागले नाही. ते मी रोज शाळेत जाता-येता पाहत होते. रॉबिन्सन इतकी वर्षे त्या बांबूंच्या आत राहिला, याचा मला विस्मय वाटे, पण अविश्वास वाटत नसे. मोल्सवर्थच्या कोशात ‘बेट’ या नोंदीखाली दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत आणि ‘नांगर’ या नोंदीखालीही दोन्ही आहेत. हा कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची. मला तो पाहायला मिळाला एम. ए.ला असताना, त्या दिवशी ग्रंथालयात बसून मी आधी हे दोनच शब्द काढले. शेतीच्या नांगरामागे संस्कृतातला ‘लाङ्गल’ उभा आहे आणि फारसीत जहाजाच्या नांगराला ‘लंगर’ म्हणतात. दोन दिशांनी आलेले दोन शब्द मराठीच्या तोंडी एकाच उच्चाराला येऊन मिळाले असावेत, असे मला वाटते. कोकणातल्या मुलाला दोन्ही नांगर लहानपणीच दिसतात. आम्हाला त्यांतला एक दिसत नव्हता, आणि ज्या शब्दाची एक वस्तू समोर उभी आहे त्याला दुसरी वस्तू असेल अशी शंका कोणाला येणार?

‘भरती’ म्हणजे पोलीस भरती. ‘सुकाणू’ मी वर्तमानपत्राच्या एका तुकड्यावर वाचलेले होते. ते राज्याचे किंवा पक्षाचे असते आणि कोणाच्या तरी हाती असते. येथे एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी असे सुचवावेसे वाटते. आपल्या काव्यशास्त्राने अभिधा आधी मानली आणि लक्षणा तिच्या आधाराने उभी केली. मुख्यार्थाला बाध आल्यावर लक्ष्यार्थ. मराठीतील समुद्राच्या शब्दांविषयी मराठवाड्याचा अनुभव याच्या उलट आहे. आमच्याकडे सुकाणू, लाट, भरती-ओहोटी, बुडते तारू हे सारे शब्द आधी राजकारणात, कीर्तनात आणि अग्रलेखात भेटतात. भवसागर आधी, सागर मागाहून. लक्ष्यार्थ रूढ होऊन बसतो आणि वाच्यार्थ कधी तरी, सहलीला गेल्यावर, योगायोगाने कळतो. प्रमाण मराठीची रूपके ज्या भूगोलातून आली तो भूगोल सर्व मराठी भाषकांचा नाही, ही साधी गोष्ट आपल्या शैलीविचारात पुरेशी आलेली नाही.

गुरुजींना मी नांगराविषयी विचारले. त्यांनी फळ्यावर जहाजाच्या नांगराचे चित्र काढून दाखवले, आणि कठीण शब्दांची एक वही घाल असे सांगितले. ती हीच वही. तिच्यातली पहिली नोंद अशी : ‘नांगर – जहाज थांबवण्याचा लोखंडी आकडा (आपला नांगर नव्हे)’. त्याखाली : ‘बेट – चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन (आपले बेट नव्हे)’. पुढे ‘शीड’, ‘डोलकाठी’, ‘तराफा’, ‘वल्हे’, ‘खाडी’, ‘गलबत’. यांच्यापुढे कंस नाहीत, कारण यांतले आपले असे काही नव्हतेच. कंसातला ‘आपला’ हा शब्द मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिला नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने तो स्वतःहून लिहिला आहे, आणि तो लिहिताना आपल्याजवळच्या शब्दापुढे ‘नव्हे’ असे लिहितो आहोत हे तिच्या लक्षात आलेले दिसत नाही.

वहीत नोंदवलेली ही एक बाजू झाली. दुसरी बाजू वहीत नाही, आणि तीच मला आज अधिक महत्त्वाची वाटते. रॉबिन्सनला शिजवायला भांडे हवे असते. तो माती मळतो, भांडी घडवतो, ती उन्हात तडकतात, ओबडधोबड होतात. मग एकदा विस्तवात पडलेले खापरीचे तुकडे दगडासारखे टणक झालेले त्याला सापडतात, आणि माती भाजावी लागते हे त्याला कळते. आमच्या पुस्तकात या साऱ्या प्रकरणासाठी एकच शब्द होता, ‘मातीचे भांडे’. मायला ते चालेना. “रांजण का मडकं?” तिने विचारले. मी म्हटले, भांडे असे लिहिले आहे. “भांडं म्हंजी काय? पाणी ठेवायचं का शिजवायचं? तोंड केवढं?” पुस्तकात तोंड केवढे ते दिलेले नव्हते. मग तिनेच ठरवले. पाणी साठवले ती दोन मोठी भांडी म्हणजे रांजण. ते हाताने, चाकाशिवाय होणे कठीण, म्हणून वेडेवाकडे झाले. रस्सा शिजवला ती तवली. धान्य ठेवले ते गाडगे. झाकायला वेळणी असणार, पुस्तकवाल्याने लिहायची ठेवली. दिव्यासाठी त्याने केली ती पणती नव्हे, परळ. आणि आवा न लावता भाजले म्हणजे निम्मी फुटली असतील, तेही लिहायचे राहिले. त्याला मीठ कुठून मिळाले, पेरले ते दाणे कोणत्या महिन्यात पेरले, दळायला जाते नाही तर तो कण्या करून खात होता काय, असे प्रश्न ती रोज काढी. डिफोच्या मूळ कादंबरीत त्यांतल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे आहेत, हे मला फार पुढे कळले. चक्कीच्या दगडासाठी तो किती हिंडला आणि शेवटी लाकडाचे उखळ त्याने कसे कोरले, हे डिफो चवीने सांगतो. मुलांसाठी संक्षेप करणाऱ्याने नेमके तेच गाळले होते. त्याने वादळ ठेवले, नरभक्षक ठेवले, बंदुका ठेवल्या, आणि उखळ काढून टाकले.

बालवाङ्मयाच्या संक्षेपात शब्द ‘सोपे’ करतात म्हणजे काय करतात, याचा येथे उलगडा होतो. विशेषनामांच्या जवळ जाणारे, एका विशिष्ट वस्तूला चिकटलेले शब्द काढून त्यांच्या जागी जातिवाचक शब्द घालतात. रांजण, तवली, परळ जाऊन भांडे येते. पण एकट्याने तगून राहणे ही गोष्टच मुळी जातिवाचक शब्दांत घडत नाही. पाणी साठवायच्या भांड्यात रस्सा शिजत नाही. ज्याला भांडे असा एकच शब्द येतो तो त्या बेटावर आठवडाभरही टिकणार नाही, हे मायला सिद्धान्त न मांडता ठाऊक होते. कोणता शब्द सोपा आणि कोणता कठीण, हे शब्दात नसते. गुरुजींच्या हिशेबाने ‘परळ’ कठीण झाला असता. आमच्या घरी ‘भांडे’ कठीण गेला.

युरोपात या कथेची मुलांसाठी जी पहिली मोठी आवृत्ती झाली ती जर्मन भाषेत, योआखिम काम्पे याची, १७७९-८० मधली. तिची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. एक बाप रोज संध्याकाळी मुलांना रॉबिन्सनची गोष्ट सांगतो आणि मुले मध्येच अडवून प्रश्न विचारतात, अशी ती संवादांची चौकट आहे. त्याच्या रॉबिन्सनला जहाजातली हत्यारेही आरंभी मिळत नाहीत. दोन हात तेवढे असतात. हाच काम्पे पुढे कोशकार झाला. त्याचा जर्मन भाषेचा पाच खंडांचा कोश १८०७ ते १८११ या काळात निघाला, आणि परकीय शब्दांना पर्याय म्हणून त्याने अनेक नवे जर्मन शब्द घडवले. विल्हेल्म फोन हुम्बोल्टचा तो काही काळ शिक्षक होता. मुलांचा रॉबिन्सन लिहिणारा माणूस शब्दांच्या मागे लागावा यात मला नवल वाटत नाही. आमच्या घरी मात्र चौकट उलटी होती. मूल सांगत होते आणि मायबाप अडवीत होते.

आता ज्या प्रकरणापाशी मी आजवर वर्गात अडखळत आले त्याकडे वळते. पंचविसाव्या वर्षी रॉबिन्सनला माणूस मिळतो. ज्या वारी त्याला वाचवले त्या वारावरून तो त्याला ‘शुक्रवार’ असे नाव देतो आणि भाषा शिकवू लागतो. आधी त्याचे हे नवे नाव. मग स्वतःला हाक मारायचा शब्द, ‘मालक’. मग हो आणि नाही. आमच्याकडेही वारावरून नावे पडतात, सोमा, मंगळ्या, बुधा. ती मायबाप ठेवतात. भाषेच्या पाठात ‘मालक’ हा शब्द इतक्या आधी येतो याबद्दल उत्तर-वसाहतवादी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. मिशेल तूर्निए याने १९६७ मध्ये शुक्रवारलाच रॉबिन्सनचा शिक्षक केले आणि १९७१ मध्ये ती कथा मुलांसाठीही लिहिली. कूट्झीच्या ‘फो’मध्ये (१९८६) शुक्रवारला जीभच नाही. हे सारे मी वाचले आहे, शिकवले आहे. पण माझ्या वहीत ‘मालक’ हा शब्द नाही. तो अडला नाही, म्हणून उतरवला नाही. सालगड्याच्या घरातल्या मुलीला तो शब्द कोणत्या इयत्तेत शिकवावा लागणार? तो प्रसंग वाचला तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, “साल किती ठरलं?” रक्कम लिहिलेली नव्हती. मी तसे सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग जेवणावरच आसंल.”

वहीत नसलेल्या शब्दांची यादी करावी, असे मला पूर्वीच सुचायला हवे होते. देशीवादाच्या चर्चेत आपण भाषेच्या मुळांविषयी, गावगाड्याच्या शब्दसंपत्तीविषयी पुष्कळ बोललो. त्या चर्चेतला ‘देश’ बहुधा सात-बारा नावावर असलेल्याचा असतो, असे माझे मत आहे; वेचणीला जाणाऱ्या बाईच्या शब्दांपर्यंत ती क्वचित पोहोचली. दलित आत्मकथनांनी ते काम केले, आणि त्यांच्यावर पहिला आक्षेप आला तो भाषेचाच.

कादंबरीतले पावलाचे प्रकरण सर्वांना ठाऊक असते. वाळूत एकच उमटलेले मानवी पाऊल पाहून रॉबिन्सन भयाने आपल्या कोटात दडून बसतो. मला तो प्रसंग अजिबात कळला नव्हता. नाल्याच्या वाळूत पावलेच पावले असत. त्यांना काय भ्यायचे? माय म्हणाली, “एकट्या माणसाला पावलाचंच भ्या असतं.” ती हंगामात शेतातल्या कोपीवर एकटी राखणीला राहिलेली होती. याहून चांगले भाष्य त्या प्रसंगावर माझ्या वाचनात नाही, आणि माझ्या एकाही शोधनिबंधात मी ते उद्धृत केलेले नाही. संदर्भसूचीत ते कोणत्या नावाखाली घालायचे, हा प्रश्न होता.

एकटेपणाने भाषेचे काय होते? डिफोला ज्याच्या हकीकतीने हा विषय सुचला असे मानतात तो अलेक्झांडर सेल्कर्क चार वर्षांहून अधिक काळ बेटावर एकटा होता. १७०९ मध्ये त्याला परत नेणाऱ्या वुड्स रॉजर्सने नोंदवले आहे की, न वापरल्यामुळे त्याची भाषा इतकी गेली होती की तो शब्द अर्धे अर्धेच बोलतो असे वाटे. डिफोने आपल्या नायकाला हे होऊ दिले नाही. त्याला पोपट दिला, रोजनिशी दिली, बायबल दिले. रॉबिन्सन अठ्ठावीस वर्षांनंतरही व्यवस्थित वाक्यांत बोलतो. हा कादंबरीचा सर्वांत मोठा काल्पनिक भाग आहे. नरभक्षक त्यामानाने संभाव्य.

याच्याशेजारी मी अलीकडे विद्यार्थ्यांना आणखी एक कादंबरी वाचायला सांगते. स्कॉट ओडेल यांची ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) मुलांसाठीच लिहिलेली, आणि तिला १९६१चे न्यूबेरी पदक मिळाले. कॅलिफोर्नियाजवळच्या सान निकोलस बेटावर १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षे एकटी राहिलेल्या एका मूळ रहिवासी स्त्रीच्या हकीकतीवर ती उभी आहे. या कादंबरीतली करानाही शब्द शिकते आणि शिकवते. पण तिला भेटलेली परक्या जमातीची तुतोक ही मुलगी तिची कोणी चाकर नसते. दोघी वस्तूंकडे बोट दाखवून आपापल्या भाषेतला शब्द सांगतात, एकमेकींच्या उच्चाराला हसतात, आणि पुष्कळ दिवसांनी करान आपले खरे, गुपित नाव तिला सांगते. शुक्रवारचे मूळ नाव रॉबिन्सनने विचारलेही नव्हते. ज्या स्त्रीवरून ही कथा सुचली तिला सांता बार्बरा येथे आणल्यावर ती सात आठवड्यांतच वारली. तिथे तिची भाषा कळणारे माणूस मिळाले नाही असे सांगतात. तिने बोललेले म्हणून अवघे चार शब्द नोंदलेले आहेत. तिला तेथे जे नाव मिळाले ते बाप्तिस्म्याचे, हुआना मारिया. तिचे स्वतःचे नाव त्या चार शब्दांत नाही.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. २००७ साली एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असताना परतूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने दुष्काळावर निबंध लिहिला होता. त्यात ओढ्याच्या काठी उरलेले बाभळीचे बेट, त्याच्या सावलीला येऊन बसणारी गुरे, असे वर्णन होते. मी ‘बेट’ या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, ‘अयोग्य शब्दप्रयोग’. गुण कापले. त्याने तास संपल्यावर येऊन हळूच सांगितले, “मॅडम, आमच्या इथं आहे ते बेट.” तेव्हा मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. मोल्सवर्थ मी त्याआधी सहा वर्षे पाहिलेला होता. नाल्यावरचे बांबू तर त्याच्याही आधीपासून मला ठाऊक होते. कोणी शिकवले नसताना माझ्या हाताने ते वर्तुळ काढले असे मात्र म्हणता येणार नाही. वहीतला तो कंस हाताला वळण देऊन गेला होता. गुण मी वाढवून दिले नाहीत.

वडील २०१२-१३च्या दुष्काळानंतरच्या वर्षी गेले. माय गावातच राहते. मी विद्यापीठात नोकरीला लागल्यापासून तिला घेऊन जाण्याचा प्रयत्न दर वर्षी करते आणि ती दर वर्षी आठ दिवसांत परत जाते. मोठ्या दुष्काळात टँकरचे पाणी साठवायला घरात प्लास्टिकचे टिपाड आले, ते राहिले. रांजण परसात उलटा पडलेला असे. पुढे तो फुटला. कुंभाराचे घर गाव सोडून गेले. अक्षय्यतृतीयेला करा-केळी अंबडच्या बाजारातून आणावी लागते. ऐकू कमी येते म्हणून शेजारणी पूर्वीसारख्या येऊन बसत नाहीत, आणि ती आपणहून फार बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस तिच्याकडे होते. पूर्वी ठरवल्याप्रमाणे तिच्याकडून मातीच्या भांड्यांची नावे नीट उतरवून घ्यावीत, म्हणून तीच जुनी वही घेऊन बसले. मागची पाने कोरी आहेत. पाच-सहा नावे तिने सांगितली. मग ती मध्येच म्हणाली, “लई होते बाई. सगळं भांडंच की.” तिने हा शब्द वापरलेला मी प्रथमच ऐकला. मी तवलीचे विचारले, परळाचे विचारले. ती हो म्हणाली. वेळणी आणि परळ यांत फरक काय, असे विचारल्यावर तिने हाताने काही तरी आकार करून दाखवला आणि हात तसेच खाली ठेवले.

वही तिने ओळखली. “त्या एकट्या गड्याची ना?” म्हणाली. मग विचारले, “तो परत गेला का त्याच्या घरी?”

आमच्या पुस्तकाची शेवटची पाने नव्हती. शुक्रवार बोलायला शिकतो आणि दूरवर एक जहाज दिसते, तिथे ते संपत होते. पूर्ण कादंबरी मी एम. ए.ला वाचली, पुढे कितीदा तरी शिकवली. तिला शेवट सांगायचे माझ्या कधी मनात आले नव्हते. मी कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले की तो परत गेला, पस्तीस वर्षांनी. मायबाप मेलेले होते. दोन बहिणी होत्या, भावाची दोन पोरं होती.

“मंग गेला कशाला?” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “त्या काळ्या माणसाचं काय झालं?”

तोही त्याच्याबरोबर गेला, असे मी सांगितले. पुढच्या भागात समुद्रावर बाणांनी मारला गेला ते सांगितले नाही. तिने साल किती ठरले होते ते विचारले. मी म्हटले, जेवणावरच.